पक्षाघातानंतर मेंदूचा रिपोर्ट हातात आला की: घरच्यांसाठी मेंदूच्या भागांची ओळख

घरातल्या माणसाला पक्षाघात झाला की सुरुवातीचे दिवस धावपळीतच जातात. मग एक फाइल हातात येते. तिच्यात ‘लेफ्ट एमसीए टेरिटरी’, ‘पॉन्स’, ‘कोरोना रेडिएटा’ असे शब्द असतात. राउंडला आलेले डॉक्टर घाईत असतात. घरी आल्यावर पेशंट असं काही वागू लागतो की त्याचा अर्थ कुणालाच लागत नाही. ताटातलं अर्धंच जेवतो. पाणी हवं असतं आणि तोंडातून भलताच शब्द निघतो. तासन्‌तास गप्प बसतो, मग कारण नसताना रडू लागतो. भेटायला आलेले लोक म्हणतात, ‘हट्टी झालेत’, ‘मनावरच घेत नाहीत’, ‘डोक्यावर परिणाम झालाय’.

माझ्या वडिलांच्या आजारपणात हे सगळं मी जवळून पाहिलं आहे. मेंदूचा कोणता भाग कोणतं काम करतो हे समजल्यावर त्यांच्या वागण्याचा उलगडा होत गेला आणि घरातली चिडचिडही बरीच कमी झाली. तुमच्या हातात आज ती फाइल असेल, तर पुढचा क्रम तुमच्यासाठी आहे. उपचार डॉक्टरच ठरवतील. त्यांना नेमकं काय विचारायचं आणि घरी कसं वागायचं, हे यातून कळावं.

एक गोष्ट मात्र सगळ्याच्या आधी. तोंड अचानक वाकडं झालं, एक हात उचलता येईना किंवा बोलणं अडखळू लागलं, तर वाचत बसू नका. १०८ ला फोन करा आणि जिथे सीटी स्कॅनची सोय आहे अशाच रुग्णालयात न्या. मेंदूच्या रक्तवाहिनीत अडकलेली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. त्यामुळे पेशंट शेवटचा धडधाकट कधी दिसला, ती वेळ लिहून ठेवा. तोंडात पाणी, गोळी, काहीही घालू नका. रक्तस्राव आहे की गुठळी हे स्कॅनशिवाय कळत नाही आणि दोन्हींचे उपचार एकमेकांच्या उलट आहेत. चोळणाऱ्याकडे किंवा झाडपाल्याचं औषध देणाऱ्याकडे नेण्यात हे तास घालवू नका.

आधी हे जवळ ठेवा

- सीटी आणि एमआरआयचे छापील रिपोर्ट, शिवाय फिल्म आणि सीडी (सीडी मागावी लागते, आपणहून मिळेलच असं नाही)
- डिस्चार्ज समरी, चालू औषधांची यादी
- बीपी आणि शुगरच्या नोंदींची वही
- आधार कार्ड आणि रेशन कार्ड. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेखाली उपचार बसतात का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला दाखल होतानाच विचारा
- एक कोरी वही: रोज काय जमलं, काय नाही, हे तारखेसह लिहायला

१. आधी बाजू पक्की करा

रिपोर्टमध्ये पहिला शोध ‘लेफ्ट’ की ‘राइट’ याचा घ्या. मोठ्या मेंदूचा डावा अर्धगोल शरीराची उजवी बाजू चालवतो आणि उजवा अर्धगोल डावी. हालचालीचे बहुतेक तंतू मेंदूच्या अगदी खालच्या टोकाला, मस्तिष्कपुच्छात, एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात, म्हणून असं होतं. उजवा हात-पाय गेला असेल तर इजा बहुधा डाव्या मेंदूत सापडेल.

इथे दोन ठिकाणी फसगत होते. पहिली फिल्म बघताना. सीटी आणि एमआरआयची चित्रं पेशंटच्या पायाकडून बघितल्यासारखी मांडलेली असतात, त्यामुळे चित्राची डावी बाजू म्हणजे पेशंटची उजवी. फिल्मवरचं ‘आर’ किंवा ‘एल’ हे अक्षर बघितल्याशिवाय काही ठरवू नका. दुसरी फसगत लहान मेंदूच्या बाबतीत. त्याची उजवी बाजू शरीराच्या उजव्याच बाजूचं काम बघते. तिथे इजा असेल तर उलटसुलट हिशोब करू नका.

२. तीन मोठे भाग ओळखा

शाळेच्या पुस्तकातले शब्द आठवत असतील: प्रमस्तिष्क, अनुमस्तिष्क, मस्तिष्कपुच्छ. बोलीत पहिल्या दोघांना मोठा मेंदू आणि लहान मेंदू म्हणतात. मोठा मेंदू वर आणि पुढे पसरलेला, लहान मेंदू मागे खाली, आणि या दोघांना मेरुरज्जूशी जोडणारा दांडा म्हणजे मस्तिष्कस्तंभ. मस्तिष्कपुच्छ हा त्याचाच सर्वांत खालचा भाग. रिपोर्टमध्ये हेच सेरेब्रम, सेरेबेलम आणि ब्रेनस्टेम या नावांनी येतात.

सगळा मेंदू मिळून जेमतेम १३०० ते १४०० ग्रॅम, म्हणजे शरीराच्या वजनाच्या २ टक्के. पण शरीराला लागणाऱ्या ऑक्सिजनपैकी सुमारे २० टक्के तो एकटा वापरतो, आणि साठा करून ठेवण्याची त्याच्याकडे काही सोय नाही. रक्तपुरवठा तुटला की पेशी मिनिटांत मरू लागतात, त्या यामुळेच.

३. मोठ्या मेंदूचे चार खंड आणि घरी दिसणारी लक्षणं

मोठ्या मेंदूच्या प्रत्येक अर्धगोलात चार खंड आहेत. रिपोर्टमध्ये त्यांना लोब म्हणतात.

फ्रंटल लोब, कपाळामागचा. याच्या मागच्या कडेला हालचालीची पट्टी असते. या पट्टीत चेहरा आणि हात यांना बाहेरच्या बाजूची मोठी जागा आहे, तर पायाची जागा दोन अर्धगोलांच्या मधल्या फटीत आहे. म्हणून काही पेशंटचा पाय लवकर चालू लागतो आणि हात मागे राहतो, तर काहींचं नेमकं उलट होतं. ‘पाय सुधारला, हात का नाही?’ याचं उत्तर अनेकदा इजेच्या जागेत असतं, व्यायामाच्या कमतरतेत नसतं.

याच खंडाचा पुढचा भाग बेत आखणं, सुरुवात करणं आणि स्वतःला आवरणं ही कामं करतो. सन १८४८ मध्ये अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात रेल्वेमार्गाचं काम चालू असताना सुरुंगाच्या स्फोटात एक लोखंडी पहार फिनियस गेज या मुकादमाच्या गालातून शिरून कवटीतून बाहेर पडली. तो वाचला, चालू-बोलू लागला, पण त्याचं वागणं बदललं. स्वभावाचाही मेंदूत पत्ता असतो, हे दाखवणारं हे फार जुनं उदाहरण. तुमच्या घरी ते असं दिसेल: माणूस उठायचं म्हणतो पण उठत नाही, सांगितलं की करतो पण आपणहून काहीच सुरू करत नाही. हा आळस नव्हे. अशा पेशंटला ‘काय करायचंय तुम्हाला?’ असं मोघम विचारू नका. ‘आता ब्रश हातात घ्या’, मग ‘आता तोंड धुवा’, असं एका वेळी एकच सांगा. काहींच्या बाबतीत उलटा प्रकार होतो, तोंडावरचा ताबा सुटतो आणि कधी न दिलेली शिवी बाहेर पडते. ती मनाला लावून घेऊ नका आणि त्यावर वाद घालू नका.

पॅरायटल लोब, डोक्याच्या वरच्या-मागच्या भागातला. स्पर्श, शरीराचा अंदाज, आजूबाजूच्या जागेचं भान ही त्याची कामं. उजव्या पॅरायटल लोबला इजा झाली की घरच्यांची सर्वांत जास्त दिशाभूल होते, म्हणून जरा थांबून वाचा. या पेशंटला डावीकडचं जगच उरत नाही. डोळे चांगले असतात, तरी ताटातली उजव्या बाजूची भाजी संपते आणि डाव्या बाजूची कोशिंबीर तशीच राहते. दाढी अर्धीच होते. डाव्या बाजूने बोललात तर तो उजवीकडे शोधतो. काही पेशंट तर लुळा पडलेला हात आपला नाहीच म्हणतात, किंवा मला काही झालेलंच नाही असं ठामपणे सांगतात. ते खोटं बोलत नाहीत. ज्या भागाला ही उणीव जाणवायची, तोच भाग दुखावला आहे.

अशा वेळी हाक मारायची घंटा, पाणी आणि चष्मा उजवीकडे ठेवा, म्हणजे गरजेच्या वेळी सापडतील. डावीकडे बघायचा सराव मात्र थेरपिस्टने सांगितल्याप्रमाणे रोज घ्या: ताटाच्या डाव्या काठाला लाल रुमाल लावायचा आणि लाल रंग दिसेपर्यंत मान वळवायला सांगायची. चालताना डावा खांदा दारावर आपटतो, तेव्हा त्या बाजूला कुणीतरी असू द्या. आणि पेशंट ‘मी ठीक आहे’ म्हणाला म्हणून त्याला एकट्याने जिना उतरू देऊ नका, रस्ता ओलांडू देऊ नका.

ऑक्सिपिटल लोब, डोक्याच्या मागच्या टोकाचा. दृष्टीचा अर्थ इथे लागतो. एका बाजूच्या इजेत दोन्ही डोळ्यांचं समोरचं अर्धं दृश्य जातं, तेही इजेच्या उलट बाजूचं. नव्या चष्म्याने हे सुधारत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे ‘फील्ड टेस्ट’ होते, तिच्यात ते स्पष्ट दिसतं. गाडी चालवण्याचा प्रश्न त्या तपासणीआधी सोडवू नका.

टेम्पोरल लोब, कानाच्या आतल्या बाजूचा. ऐकलेल्याचा अर्थ लावण्याचं काम याचं. याच्या आत हिप्पोकॅम्पस असतो. नव्या आठवणी तयार व्हायला तो लागतो. जुनं सगळं आठवतं पण सकाळी कोण भेटायला आलं होतं ते आठवत नाही, असं असेल तर ‘आठवा बघू’ म्हणून परीक्षा घेऊ नका. भिंतीवर मोठा फळा लावा आणि त्यावर तारीख, वार, आज कोण येणार, कोणती गोळी घेतली, हे लिहीत जा.

४. डाव्या मेंदूत इजा असेल तर भाषेकडे वेगळं लक्ष द्या

उजव्या हाताने लिहिणाऱ्या जवळपास सगळ्यांची भाषा डाव्या मेंदूत असते. डावखुऱ्यांपैकीही बहुतेकांची तिथेच. त्यामुळे उजवी बाजू गेलेल्या पेशंटला वाचाघात होण्याची शक्यता मोठी असते. वाचाघात म्हणजे शब्द सापडणं किंवा समजणं बिघडणं. बुद्धी गेली असा त्याचा अर्थ नाही. जीभ आणि ओठांचे स्नायू दुबळे झाल्याने बोलणं बोबडं होतं, ती तक्रार वेगळी. तिच्यात पेशंट योग्य शब्द लिहून दाखवू शकतो. वाचाघातात सहसा लिहिणंही बिघडलेलं असतं.

पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरने १८६१ मध्ये एका रुग्णाची नोंद केली. त्याला समजत होतं, पण जवळपास ‘टॅन’ एवढंच बोलता येत होतं. मृत्यूनंतर त्याच्या डाव्या फ्रंटल लोबमध्ये इजा सापडली. त्या जागेला आज ब्रोका एरिया म्हणतात. पुढे १८७४ मध्ये कार्ल वेर्निकेने उलट प्रकार मांडला: रुग्ण भराभर बोलतो, पण शब्द निरर्थक असतात आणि समोरच्याचं बोलणं त्याला उमगत नाही. ती जागा डाव्या टेम्पोरल लोबच्या वरच्या-मागच्या भागात आहे. तुमचा पेशंट कोणत्या बाजूला झुकतो, हे स्पीच थेरपिस्टकडून समजून घ्या, कारण घरचं बोलणं त्यावर ठरतं.

समजतं पण बोलता येत नाही, अशा माणसासमोर त्याच्याबद्दल बोलू नका. त्याला सगळं कळतं. वाक्य त्याच्या वतीने पुरं करण्याची घाई करू नका, पण तो अगदी अडून बसला तर दोन पर्याय द्या: ‘चहा की पाणी?’ आणि दोन्ही वस्तू समोर धरा. समजणं बिघडलेल्या माणसाशी आवाज चढवून काही उपयोग नाही, त्याला ऐकू येतंच. वाक्य लहान करा, हातवारे करा, टीव्ही बंद ठेवा.

‘हो’ आणि ‘नाही’वर लगेच विसंबू नका. वाचाघातात या दोन शब्दांची अदलाबदल फार होते. पेशंट ‘हो’ म्हणतो आणि मान नकारार्थी हलवतो. कुठे दुखतं, शौचाला जायचं का, असे प्रश्न उलटसुलट विचारून खात्री करा.

बोलता न येणारा माणूस आरती म्हणू शकतो, हे बघून घरचे थक्क होतात. वडिलांना ‘पाणी’ हा शब्द सापडत नव्हता, पण पाढे आणि रोजची आरती सुरू झाली की ते सोबत म्हणत असत. तोंडपाठ झालेलं, चालीवरचं, मोजणीचं बोलणं बऱ्याच वेळा शाबूत राहतं. त्याचा उपयोग जरूर करा, घरात रोज एकत्र म्हणा. मात्र ‘आरती येते मग माझं नाव का घेत नाही?’ असं विचारू नका. सुचून बोलणं आणि पाठ म्हणणं यांचे मेंदूतले मार्ग अगदी एकच नाहीत.

थेरपी कोणत्या भाषेत घ्यायची, हा आपल्याकडचा खरा प्रश्न आहे. घरी मालवणी किंवा कोंकणी, ऑफिसात हिंदी-इंग्रजी, अशी अनेकांची सवय असते, आणि पक्षाघातानंतर सगळ्या भाषा सारख्या वेगाने परततील असं नाही. घरात रोज जी बोलता तीच भाषा थेरपिस्टला सांगा, बोलीसकट. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथे वाचा-भाषेच्या तक्रारींवर काम होतं. गावात थेरपिस्ट नसेल तर जिल्हा रुग्णालयात किंवा जवळच्या वैद्यकीय महाविद्यालयात विचारा. पहिल्या तीन महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पण भाषा त्यानंतरही दीर्घकाळ सुधारत राहते. ‘आता एवढंच’ असं कुणी लवकर म्हणालं तर दुसरं मत घ्या.

५. आतले भाग: इजा छोटी, परिणाम मोठा

रिपोर्टमध्ये ‘स्मॉल लॅक्युनर इन्फार्क्ट’ (बारीक रक्तवाहिनी बंद पडून मेलेला छोटा भाग) लिहिलेलं असतं आणि पेशंटची अख्खी बाजू लुळी असते. मग घरच्यांना वाटतं, रिपोर्ट चुकला. तसं नाही. मोठ्या मेंदूच्या पृष्ठभागावरून निघालेले हालचालीचे तंतू कोरोना रेडिएटामधून गोळा होत इंटर्नल कॅप्सूल नावाच्या अरुंद पट्टीत येतात. खंडाळ्याच्या घाटात एक ट्रक आडवा झाला की सगळी वाहतूक अडते, तसं इथे दीड सेंटिमीटरहूनही लहान इजेने चेहरा, हात आणि पाय एकदम थांबू शकतात. अशा पेशंटची भाषा आणि समज मात्र बहुधा चांगली असते.

शेजारीच बेसल गँग्लिया आहेत, हालचाल सुरळीत ठेवणाऱ्या पेशीसमूहांचा गट. वाढलेल्या बीपीमुळे होणारा रक्तस्राव वारंवार याच भागात होतो. रिपोर्टमध्ये ‘बेसल गँग्लिया ब्लीड’ असेल तर बीपीची गोळी एक दिवसही चुकवू नका.

थॅलॅमसकडे शरीरभरच्या संवेदना येतात आणि तिथून पुढे पाठवल्या जातात. तिथल्या इजेनंतर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुखऱ्या बाजूला जळजळ, मुंग्या, नुसत्या चादरीच्या स्पर्शानेही वेदना, असं सुरू होऊ शकतं. बाहेरून काहीच दिसत नाही आणि नेहमीच्या वेदनाशामक गोळीने फारसा आराम पडत नाही. न्यूरॉलॉजिस्टला नेमकं असंच वर्णन सांगा. यासाठी वेगळी औषधं आहेत. थॅलॅमसच्या खालचा हायपोथॅलॅमस तहान, भूक, झोप आणि तापमान सांभाळतो. पक्षाघाताच्या रिपोर्टमध्ये त्याचं नाव क्वचित येतं.

६. लहान मेंदू

मेंदूतल्या एकूण चेतापेशींपैकी सुमारे ८० टक्के या छोट्या भागात आहेत. तोल, हालचालीचा अंदाज आणि तिची लय हे त्याचं काम. इथल्या पेशंटच्या हातात ताकद असते, पण पेला उचलताना हात थरथरतो, चाल झोकांड्या खाते, बोलणं तुटक होतं. अनोळखी लोकांना तो दारू प्यायल्यासारखा वाटतो, म्हणून बाहेर जाताना सोबत कुणीतरी असावं. पडण्याचा धोका इथे सर्वांत मोठा. बाथरूममध्ये धरायला दांडा, कोरडी फरशी आणि बसून आंघोळीसाठी स्टूल, एवढं घरी आणायच्या आधीच करून ठेवा.

७. मस्तिष्कस्तंभ: गिळण्याची परीक्षा आधी

मिडब्रेन, पॉन्स आणि मेड्युला असे याचे तीन भाग. श्वास, हृदयाचे ठोके, जाग आणि गिळणं इथून चालतं. रिपोर्टमध्ये यातलं एखादं नाव असेल तर पहिला प्रश्न हाच विचारा: गिळण्याची तपासणी झाली का? खरं तर हा प्रश्न पक्षाघाताच्या प्रत्येक पेशंटसाठी विचारावा. पातळ पदार्थ गिळायला सर्वांत अवघड असतात. प्रेमाने चमच्याने पाजलेलं पाणी किंवा पेज फुप्फुसात उतरून न्यूमोनिया होऊ शकतो, आणि प्रत्येक वेळी ठसका लागतोच असं नाही. परवानगी मिळेपर्यंत राइल्स ट्यूबनेच, म्हणजे नाकातून पोटात घातलेल्या नळीनेच, आहार द्या. मिळाल्यावर पाठ सरळ ठेवून, छोटे घास, एकेक करून.

पॉन्सच्या मोठ्या इजेत क्वचित असं होतं की माणूस पूर्ण जागा असतो, ऐकतो, समजतो, पण फक्त डोळे वरखाली करू शकतो आणि पापण्या मिटू शकतो. त्याच्याशी बोला. पापणी एकदा मिटली तर ‘हो’, दोनदा ‘नाही’, अशी खूण ठरवा.

८. रिपोर्टमधले नेहमीचे शब्द

इन्फार्क्ट म्हणजे रक्तपुरवठा तुटून मेलेला भाग, हॅमरेज किंवा ब्लीड म्हणजे रक्तस्राव. ‘ॲक्यूट’ म्हणजे ताजं, ‘क्रॉनिक’ किंवा ‘ओल्ड’ म्हणजे जुनं. एमआरआयमधला ‘रिस्ट्रिक्टेड डिफ्यूजन’ हा शेरा पक्षाघातात ताज्या इन्फार्क्टचा पुरावा मानतात. ‘मिडलाइन शिफ्ट’ म्हणजे सुजेमुळे मेंदू एका बाजूला सरकलेला. हा शब्द असेल तर पुढचे काही दिवस कडक देखरेखीचे असतात. ‘एज रिलेटेड अ‍ॅट्रोफी’ आणि ‘स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस’ (वयानुसार मेंदू आकसणं आणि बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी मिळाल्याच्या खुणा) हे वयस्कर, बीपी-शुगर असलेल्या बऱ्याच लोकांच्या रिपोर्टमध्ये असतात. ते वाचून एकदम घाबरू नका, पण बीपी-शुगर किती आटोक्यात आहे ते विचारा.

एमसीए, एसीए आणि पीसीए ही रक्तवाहिन्यांची नावं. एमसीए बंद झाली की चेहरा, हात आणि भाषा किंवा जागेचं भान यांवर परिणाम, एसीएमध्ये पाय जास्त, पीसीएमध्ये दृष्टी. बॅसिलर ही रक्तवाहिनी मस्तिष्कस्तंभाला रक्त पुरवते. सुरुवातीच्या तासांत सीटी नॉर्मल आला म्हणून पक्षाघात नाही असं होत नाही. रक्तस्राव त्यात लगेच दिसतो, इन्फार्क्ट दिसायला वेळ लागू शकतो.

९. पुढच्या ओपीडीला जाताना

हे प्रश्न कागदावर लिहून न्या:

- इजा कोणत्या बाजूला, कोणत्या भागात, गुठळीने की रक्तस्रावाने?
- कारण सापडलं का: बीपी, हृदयाचे अनियमित ठोके, की मानेतल्या रक्तवाहिनीतला अडथळा?
- या जागेमुळे कोणत्या अडचणी अपेक्षित आहेत, ज्या अजून आम्हाला दिसल्या नसतील?
- फिजिओथेरपी, ऑक्युपेशनल थेरपी, स्पीच थेरपी यांपैकी काय हवं, आठवड्यातून किती वेळा?
- रक्त पातळ करणारी गोळी किती काळ चालू ठेवायची?

मनःस्थितीबद्दल आपणहून सांगा, कुणी विचारेलच असं नाही. पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं, आणि त्यावर उपचार आहेत. कारण नसताना येणारं रडू किंवा हसू ही मेंदूतल्या इजेमुळे होणारी वेगळी तक्रार असू शकते, तीही नोंदवा. सांभाळणाऱ्यालाच झोप लागेनाशी झाली असेल तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रकृती स्थिरावल्यावर अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र) यांसाठी स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करा. आधार, फोटो, डिस्चार्ज समरी आणि स्कॅनचे रिपोर्ट लागतात, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. मूळ कागद सोबत न्या, पण द्या झेरॉक्सच.

चालणं, जेवणं आणि बोलणं यांचे अर्ध्या मिनिटाचे व्हिडिओ मोबाइलवर काढून ठेवा, दर महिन्याला त्याच जागी, त्याच कोनातून. ओपीडीत ते आधी दाखवा आणि मग वही उघडा.